चाळीस पानांनंतर कादंबरी का अडते

बीड जिल्ह्यातल्या एका आरोग्य उपकेंद्रात काम करणाऱ्या सिस्टरांनी विचारलं आहे: गावातल्या एका म्हाताऱ्या सुईणीवर मला कादंबरी लिहायची आहे. तीनदा सुरुवात केली आणि तिन्ही वेळा चाळीस-पन्नास पानांवर थांबले. तुम्ही कादंबरी लिहिता म्हणजे नेमकं काय करता? कथानक आधी ठरलेलं असतं का? माझी भाषा गावाकडची आहे, ती चालेल का? ड्युटीमुळे रोज लिहायला बसता येत नाही, त्याचं काय? आणि माझ्यात ते आहे का?

ताई, शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण तो मनात घर करून असला की बाकीचं नीट ऐकू येत नाही. तुमच्यात ते आहे की नाही, हे चाळीस पानांवरून कुणीच सांगू शकत नाही. सांगणारा भेटला तर त्याचं मनावर घेऊ नका, मग तो कौतुक करो की नाउमेद करो. मला तुमच्या पत्रात एक गोष्ट दिसते: तुम्ही तीनदा सुरुवात केलीत आणि तिन्ही वेळा तीच बाई निवडलीत. नुसत्या हौसेने लिहिणारा अडला की विषय बदलतो. तुम्हाला ती सुईण सोडत नाहीये. कादंबरी लिहायला जे लागतं त्यात अशा चिवटपणाचा वाटा फार मोठा असतो. शब्दांची श्रीमंती, वाचन, तंत्र हे सगळं पुढे मिळवता येतं. एखादा माणूस असा मानगुटीवर बसणं मात्र ठरवून होत नाही.

आता अडण्याबद्दल. मी आजवर लिहिलेली प्रत्येक कादंबरी साधारण त्याच सुमाराला थांबली आहे आणि ज्या ज्या लेखकमित्रांशी याविषयी बोललो त्यांचाही अनुभव वेगळा नाही. त्याचं कारण साधं आहे. पहिली पानं आपण आठवणींच्या जोरावर लिहितो. सुईणीचं घर, तिची कनवटीची चंची, तिचा खणखणीत आवाज, तिने रात्री-अपरात्री केलेली अवघड बाळंतपणं, हे सगळं वर्षानुवर्षं मनात साठलेलं असतं. पहिल्यांदा वाट मिळाली की ते भराभर कागदावर येतं. मग साठा संपतो. पुढचं पान लिहायला कुणीतरी काहीतरी करायला हवं असतं, आणि ते आपल्या आठवणीत नसतं. ते घडवावं लागतं. इथे लेखकाला वाटतं की आपली प्रतिभा आटली. खरं तर तोवर आपण व्यक्तिचित्र लिहीत होतो आणि ते पूर्ण झालेलं असतं. मराठीत व्यक्तिचित्राची परंपरा भक्कम आहे, आपल्या सगळ्यांच्या वाचनात ती मुरलेली आहे, त्यामुळे नवा लेखक कादंबरी समजून नकळत व्यक्तिचित्राकडेच जातो. व्यक्तिचित्र वीस-तीस पानांत भागतं. कादंबरीला मात्र त्या व्यक्तीसमोर कुणीतरी उभं राहावं लागतं.

तुमच्या पत्रात ते कुणीतरी आहे, पण तुम्ही त्याला कादंबरीत घेतलेलं नाही. पत्रात तुम्ही सुईणीबद्दल दोन पानं लिहिलीत आणि एका वाक्यात सहज सांगून गेलात की उपकेंद्रात रुजू झाल्यावर गावातली घरची बाळंतपणं बंद करणं हेच तुमचं काम होतं. अहो, कादंबरी तिथे आहे. एका बाजूला चाळीस वर्षं गावाची पोरं झेललेली बाई. दुसऱ्या बाजूला पंचविशीतली सिस्टर, जिला ठाऊक आहे की वार अडकली, रक्तस्राव सुरू झाला तर घरात काही करता येत नाही, आणि दवाखान्यात नेलेली बाई वाचते. दोघी खऱ्या आहेत. दोघींना त्या बाळंतिणीचं भलंच हवं आहे. वाचकाला दोघींपैकी एकीची बाजू घेता येऊ नये इतक्या ताकदीने दोघींना उभं केलंत, तर दोनशे पानं अपुरी पडतील. तुम्ही स्वतःला गोष्टीबाहेर ठेवून फक्त तिचं गुणगान करत राहिलात, म्हणून पुढे काही घडेना. सिस्टरला आत घ्या. ती तुम्हीच असायला हवी असं मुळीच नाही. तिला दुसरं नाव द्या, दुसरं माहेर द्या, तुमच्यापेक्षा तापट किंवा भित्री करा. पण तिला सुईणीच्या अंगणात उभी करा.

कथानक आधी ठरलेलं असतं का, या प्रश्नाला प्रत्येक लेखक वेगळं उत्तर देईल. मी कथानक ठरवत नाही, मी काळ ठरवतो. कादंबरी कुठल्या वर्षात घडते, कुठल्या महिन्यात सुरू होते आणि कुठे संपते, हे पक्कं झाल्याशिवाय मी लिहायला घेत नाही. त्या वर्षाचं पंचांग किंवा जुनं कालनिर्णय मिळवतो आणि समोर ठेवतो. याचा उपयोग कसा होतो ते माझ्याच एका कादंबरीवरून सांगतो. लातूरच्या बाजार समितीत एका आडतीवर काम करणारा मुनीम, दामूअण्णा, हा तिचा नायक. मुलीचं लग्न ठरलेलं आहे, मालकाकडून उचल मिळायची आहे. मला एवढंच माहीत होतं. गोष्ट मी जून २०१५मध्ये सुरू केली, कारण त्या वर्षी मराठवाड्यात पावसाने दगा दिला आणि पुढच्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. त्या दोन टोकांमध्ये माझा मुनीम मला बघायचा होता.

कालनिर्णय उघडलं तर २०१५मध्ये अधिक आषाढ. म्हणजे जूनच्या मध्यापासून महिनाभर लग्न नाही. तो संपतो न संपतो तोच आषाढी एकादशी, चातुर्मास सुरू. लग्न थेट तुळशीच्या लग्नानंतर, नोव्हेंबरच्या अखेरीला गेलं. तोवर खरीप हातचं गेलेलं, सोयाबीनची आवक रोडावलेली, मालकाचा हात आखडलेला. मे महिन्यात सहज मिळाली असती ती उचल नोव्हेंबरात मिळणं कठीण झालं. मुलाकडच्यांचा सूर बदलायला मधले पाच महिने मिळाले. कादंबरीचा कणा मला असा पंचांगात सापडला. मी तो कल्पनेने रचायला बसलो असतो तर एखादा खलनायक आणला असता, आणि त्या गोष्टीत खलनायकाला जागाच नव्हती.

तुमच्या सुईणीचं वर्ष कोणतं? हे तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही, आणि मला वाटतं तीनही वेळा ते तुम्ही मोघम ठेवलंत. तिच्या बाबतीत तर वर्षावर सगळं अवलंबून आहे. सरकारने सुईणींना प्रशिक्षण देऊन बाळंतपणाच्या साहित्याच्या पेट्या वाटल्या तो काळ असेल तर तिचा दवाखान्याशी संबंध सलोख्याचा असेल. तिला बैठकीला बोलावणं येत असेल, त्याचा तिला अभिमान असेल. जननी सुरक्षा योजना २००५मध्ये आली. दवाखान्यातल्या बाळंतपणाला पैसे मिळू लागले, गावागावांत आशाताई आल्या. त्यानंतरची गोष्ट असेल तर जिने काल सुईणीच्या हातून बाळंत व्हायचा हट्ट धरला असता ती सून आज सासूला दवाखान्याचं नाव सुचवते आहे. महाराष्ट्रात १०८ची गाडी, म्हणजे फोनवर येणारी रुग्णवाहिका, २०१४मध्ये सुरू झाली. २०१०मध्ये रात्री दोन वाजता अडलेली बाई आणि २०१५मध्ये रात्री दोन वाजता अडलेली बाई यांच्या रात्री एकसारख्या असणार नाहीत. पहिलीला जीप शोधावी लागेल, दुसरीकडे फोन करून गाडीची वाट बघणं असेल. हे तुम्हाला माझ्यापेक्षा शंभरपट चांगलं ठाऊक आहे. तुमच्याकडची ही माहिती फक्त नोकरीची माहिती आहे, साहित्यात तिचं काय काम, असं कदाचित तुम्हाला वाटत असेल. माझ्या मते तुमच्या कादंबरीचा पाया तीच आहे.

आणि तुमचा जिल्हा बीड. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला माणसं निघतात, मुकादमाच्या गाड्या लागतात, कोयत्याबरोबर बायका जातात, गरोदर असल्या तरी जातात. निम्मं गाव चार-पाच महिने रिकामं. मग हिवाळ्यात तुमची सुईण काय करते? ज्यांची बाळंतपणं तिने करायची त्या बायका सांगली-कोल्हापूरकडच्या फडावर आहेत. ती त्यांच्याबरोबर गेली असेल का कधी? गेली नसेल तर का नाही? तिची स्वतःची लेक किंवा सून फडावर बाळंत झाली असेल का? यातला एक प्रश्न जरी धरलात तरी चाळीसाव्या पानानंतरचं पान तुम्हाला मिळेल. त्यासाठी बीडचं वर्ष जसं फिरतं तसं कादंबरीचं वर्ष फिरवा: मृगाची पेरणी, पोळा, टोळ्यांचं निघणं, रिकाम्या घरांवरची कुलपं, उन्हाळ्यात परत येणारे लोक आणि त्यांच्या कडेवरची नवी पोरं, ज्यांच्या जन्माला सुईणही नव्हती आणि सिस्टरही नव्हती.

व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ १९५५ची. आपल्याकडच्या नव्या लेखकाने ती अभ्यासाच्या वहीसारखी समोर ठेवावी असं मला वाटतं. माणदेशातल्या धनगरांच्या वाडीत एक तरुण मास्तर येतो, शाळा भरवायचा प्रयत्न करतो, आणि शेवटी दुष्काळाने वाडी ओस पडते. एवढीच गोष्ट. तिला वेगळं कथानक असं फारसं नाही, पण वर्षाचं चक्र आहे आणि बाहेरून आलेला एक माणूस आहे, ज्याच्या येण्यामुळे वाडी आपल्याला दिसू लागते. लहानशी कादंबरी आहे ती. कादंबरी म्हणजे पाचशे पानं, ही भीती कुणी घातली असेल तर ती काढून टाका.

लिहिताना मी काय करतो, हेही तुम्ही विचारलंत. त्यातलं एक जवळून दाखवतो, कारण नुसत्या सल्ल्याने कळत नाही. दामूअण्णांचं पहिलं प्रकरण मी असं लिहिलं होतं:

“दामूअण्णा अतिशय प्रामाणिक होते. मालकाच्या पैशाला त्यांनी कधी हात लावला नव्हता. शेतकऱ्यांची दुर्दशा पाहून त्यांचं मन विषण्ण होई, पण परिस्थितीपुढे ते हतबल होते.”

यात खोटं काही नाही. पहिल्या खर्ड्यात मी असंच लिहितो, कारण तेव्हा मी स्वतःलाच समजावून सांगत असतो की हा माणूस कोण आहे. पण वाचकाला यातून दामूअण्णा दिसत नाहीत. त्याला फक्त माझा दामूअण्णांबद्दलचा अभिप्राय कळतो. मी बाजार समितीत जाऊन मुनीमांच्या शेजारी बसत होतो, मापाडी कसा पुकारतो, पट्टी म्हणजे विक्रीच्या हिशेबाची चिठ्ठी कशी करतात, शेतकरी पैसे घेताना कुठे बघतो हे बघत होतो. दुसऱ्या खर्ड्यात तो परिच्छेद असा झाला:

“दामूअण्णांनी पट्टीवर हमाली कापली, तोलाई कापली, बियाण्याची उचल वजा केली. तीनशे दहा रुपये उरले. शेतकऱ्याने ते मोजले नाहीत. ‘अण्णा, टेम्पोचंच भाडं चारशे झालंय,’ तो म्हणाला. दामूअण्णांनी पट्टी परत मागून घेतली. चष्मा पुसला. बेरीज पुन्हा केली. बेरीज बरोबर होती. त्यांनी पट्टी परत दिली आणि पुढच्याचं नाव पुकारलं.”

प्रामाणिक, विषण्ण, हतबल हे तिन्ही शब्द गेले आणि तिन्ही गोष्टी राहिल्या. यासाठी विशेष प्रतिभा लागली नाही. पट्टीवर काय काय कापतात हे माहीत असावं लागलं, आणि बेरीज पुन्हा करणारा हात बघितलेला असावा लागला. तुमच्या चाळीस पानांतून अशी वाक्यं शोधा, जिथे तुम्ही सुईणीला मायाळू, जाणती, धीराची म्हटलं आहे. त्या प्रत्येक ठिकाणी ती हातांनी काय करत होती ते लिहा. ती पोटावर हात ठेवून बाळाचं डोकं कुठे आहे हे कसं चाचपते? कळा घेणाऱ्या पोरीला ती काय म्हणते, शिव्या देते की गाणं म्हणते? तिच्या हाताला कसला वास येतो? बाळंतपण दवाखान्यात झालं तरी बाळाला न्हाऊ घालायला, बाळंतिणीचं अंग चोळायला तिला बोलावतात का? आणि पाचवीला जी साडीचोळी सुईणीची असायची ती आता कुणाला जाते? हा पाचवीच्या साडीचोळीचा प्रश्न मला स्वतःला फार मोलाचा वाटतो. मी तुमच्या जागी असतो तर त्यावर अख्खं प्रकरण लिहिलं असतं.

भाषेविषयी. तुमची गावाकडची भाषा चालेल का, असं विचारताना तुमच्या मनात जो संकोच आहे तो आपल्या शाळांनी आणि व्यासपीठांनी घातलेला आहे. तो तुमचा दोष नाही, पण कादंबरी लिहिताना तो बाजूला काढून ठेवावा लागेल. मराठी कादंबरीने गेल्या सत्तर वर्षांत माणदेश, कोकण, खानदेश, मराठवाडा, वऱ्हाड, मुंबईच्या चाळी या सगळ्यांच्या बोलीतूनच बळ घेतलं आहे. प्रश्न भाषा चालेल का हा नाहीच. गोष्ट कोण सांगतंय, हा खरा प्रश्न आहे. सिस्टर सांगत असेल तर तिचं निवेदन डिप्लोमा केलेल्या, रजिस्टरं भरणाऱ्या, पण घरी बोलीत बोलणाऱ्या बाईचं असेल. त्यात प्रमाण मराठी आणि बोली यांची सरमिसळ आपोआप होईल. सुईण सांगत असेल तर सगळंच बोलीत जाईल आणि मग वर्णनंही तिच्या नजरेची हवीत. ‘सायंकाळची सोनेरी किरणे’ तिच्या तोंडी येणार नाहीत.

बोली लिहिताना एक पथ्य पाळा. प्रत्येक उच्चार अक्षरात उतरवायचा प्रयत्न करू नका, वाचक अडखळतो. बोलीचा खरा स्वभाव क्रियापदात आणि वाक्याच्या वळणात असतो. “गाडी यायलीय म्हणून दोन घंटे झाले, अजून पत्ता नाही,” एवढं वाक्य पुरेसं मराठवाड्याचं आहे. त्यात ‘यायलीय’ आणि ‘घंटे’ हे दोनच शब्द काम करतात. आणि बोली फक्त विनोदासाठी किंवा अडाणीपणा दाखवण्यासाठी वापरू नका. आपल्याकडे हे फार झालंय आणि त्याने मला खरोखर त्रास होतो. शहाणपणाचं, कडवट, नाजूक, सगळ्या तऱ्हेचं बोलणं त्याच भाषेत होऊ द्या.

दुसऱ्याच्या आवाजात लिहिण्याची धास्ती वाटत असेल तर हरिभाऊ आपट्यांकडे बघा. ‘पण लक्षांत कोण घेतो?’ ही त्यांची कादंबरी १८९०मध्ये सुरू झालेल्या ‘करमणूक’ साप्ताहिकातून क्रमशः आली. ती यमू नावाची तरुण बाई स्वतः सांगते आहे, आणि लिहिणारा पुरुष आहे, तोही त्या काळातला. माजघरात बायका आपसात कशा बोलतात ते ऐकल्याशिवाय असं लिहिता येत नाही. तुमचं तर कामच ऐकण्याचं आहे.

वेळेचं दुखणं तुमचं एकटीचं नाही. हेच हरिभाऊ पुण्याच्या आनंदाश्रमाची व्यवस्था सांभाळत होते. श्री. ना. पेंडसे मुंबईत ‘बेस्ट’मध्ये नोकरी करत होते आणि गारंबीचं जग लिहीत होते. रंगनाथ पठारे आणि श्याम मनोहर यांनी भौतिकशास्त्र शिकवता शिकवता कादंबऱ्या लिहिल्या. मराठीत लेखनावर घर चालवणारे फार थोडे. बाकी सगळे नोकरी, शेती, संसार यांच्या फटीतून लिहीत आले. तेव्हा रोज सकाळी चार तास टेबलाशी बसणाऱ्या लेखकाचं चित्र डोळ्यांसमोर ठेवून स्वतःला कमी लेखू नका.

हिशेब करून बघा. साठ हजार शब्दांची कादंबरी छापली की साधारण दोनशे चाळीस पानांची होते. आठवड्यातून तीन दिवस, दर वेळी तीनशे शब्द लिहिलेत, तर महिन्याला साडेतीन-चार हजार होतात आणि दीड वर्षात पहिला खर्डा हातात येतो. तीनशे शब्द म्हणजे वहीचं सव्वा-दीड पान. लसीकरणाच्या दिवशी, शिबिराच्या आठवड्यात काहीच होणार नाही, ते धरूनच हा हिशेब आहे. मात्र दोन बैठकींच्या मध्ये चार दिवस गेले तरी धागा तुटू नये म्हणून मी एक करतो: प्रसंग पूर्ण करून उठत नाही. सुईण उंबरठ्यावर आलेली आहे, ती काय म्हणणार हे मला माहीत आहे, तिथेच वही मिटतो. पुढच्या वेळी कोऱ्या पानाशी झटापट करावी लागत नाही. एसटीत किंवा स्कूटीवर असताना सुचलं तर फोनमध्ये बोलून ठेवा, मराठी बोललेलं टंकून देणारी सोय आता साध्या फोनमध्येही असते. चुका होतात, पण त्या घरी सुधारता येतात.

आणि पुन्हा पहिल्या पानापासून सुरू करू नका. तीनदा झालं तेवढं पुरे. पहिली चाळीस पानं कितीही कच्ची वाटली तरी त्यांना हात न लावता एक्केचाळिसावं लिहा. मधल्या काळात सुईणीचं नाव बदललं, सिस्टर आली, वर्ष पक्कं झालं, तरी मागे जाऊन दुरुस्ती करू नका. समासात खूण करून ठेवा: “मागे सिस्टरला आणायचं आहे.” शेवट लिहून झाल्यावरच सुरुवात कशी हवी ते कळतं, माझ्या बहुतेक कादंबऱ्यांचं पहिलं प्रकरण सगळ्यात शेवटी लिहून झालं आहे.

साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ १९३३च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत लिहिली, हे तुम्ही कुठेतरी वाचलं असेल आणि स्वतःच्या वेगाची लाज वाटली असेल. पण त्या पुस्तकाची रचना बघा. एकेका रात्री एकेक आठवण, आणि ती सांगणारा श्याम, ऐकणारे मित्र. आठवणींना असा साचा मिळाला की त्या अडत नाहीत. गुरुजींच्या मनात ती आई आयुष्यभर होतीच, साचा सापडल्यावर लिहायला पाच दिवस पुरले. तुमच्याही आठवणींना साचा लागेल. माझा अंदाज आहे की तो उपकेंद्राच्या रजिस्टरात सापडेल: एकेक नोंद, एकेक बाळंतपण, आणि नोंदीत न मावलेलं सगळं कादंबरीत. आवडलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. एक काळजी तेवढी घ्या, ती तुम्हाला सांगायची गरज नसेल तरी सांगतो: खऱ्या बायकांची नावं, गावं, त्यांच्या आजारांचा तपशील ओळखू येईल असा ठेवू नका. त्यांनी तो सिस्टरला सांगितला होता, लेखिकेला नाही.

खर्डा झाल्यावर तो घरच्यांना पहिल्यांदा दाखवू नका. घरचे एकतर कौतुक करतात किंवा त्यात स्वतःला शोधत बसतात. भरपूर वाचणारी, तुमच्याशी नातं नसलेली दोन माणसं शोधा आणि त्यांना “कसं वाटलं?” असं विचारू नका. कुठल्या पानावर पुस्तक खाली ठेवलं, कुठे पानं भराभर उलटली, कोण कोण लक्षात राहिलं, हे विचारा. उत्तर ऐकताना समर्थन करू नका, फक्त लिहून घ्या. मौज प्रकाशनाच्या श्री. पु. भागवतांनी आणि राम पटवर्धनांनी लेखकांबरोबर बसून हस्तलिखितांवर काम केलं, त्याचा मराठी साहित्याला किती फायदा झाला हे आपण जाणतो. तसा संपादक आज प्रत्येकाला मिळेल असं नाही. म्हणून असे दोन वाचक फार मोलाचे.

प्रकाशनाचं आताच डोक्यात घेऊ नका, पण तुम्ही विचाराल म्हणून थोडक्यात. एखादं प्रकरण स्वतंत्र वाचता येण्यासारखं असेल तर दिवाळी अंकाला पाठवा. त्यांचं साहित्य पावसाळ्यातच ठरत असतं, गणपतीनंतर पाठवून उपयोग नसतो. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकासाठी अनुदान योजना आहे, तिची जाहिरात निघाली की नियम नीट वाचा. पुस्तक छापायला लेखकाकडूनच पैसे मागणारे पुष्कळ भेटतील; निर्णय तुमचा, पण किती प्रती छापणार, त्या विकणार कोण, याचं लेखी उत्तर घेतल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, आपल्याकडे सरकारी यंत्रणेकडून मोफत मिळतो, त्याचे पैसे कुणी लावत असेल तर विचारा. लेखनाचा स्वामित्वहक्क लिहिल्या क्षणापासून तुमचा असतो आणि तुमच्या पश्चात साठ वर्षं तुमच्या वारसांचा. करारात छापील पुस्तक, ई-बुक, ऑडिओ, भाषांतर, चित्रपट हे हक्क वेगवेगळे लिहून घ्या. ‘सर्व हक्क प्रकाशकाकडे’ या ओळीवर सही करू नका.

आता लगेच करण्यासारखं एक. वर्ष ठरवा. मग एक रात्र लिहा: बाळंतीण अडली आहे, सिस्टरने गाडीला फोन केला आहे, गाडी यायला वेळ लागणार आहे, आणि घरच्यांनी सुईणीलाही बोलावणं धाडलं आहे. दोघी एकाच खोलीत आहेत. कुणालाही थोर करू नका, कुणालाही हरवू नका. गाडी येईपर्यंत त्या दोघी काय बोलतात आणि काय करतात, एवढंच लिहा. हा प्रसंग कादंबरीत कुठे बसेल याचा विचार नंतर करता येईल. झाला की टंकत बसू नका, वहीच्या पानांचे फोटो काढून पाठवा, मी वाचून सविस्तर कळवीन.